पलीकडून कोण बोलतंय?

पालेगावातल्या घरी लँडलाइन घेतली तर नंबराआधी ०२५१ लागतो. हा कल्याणचा कोड. डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर सगळी त्याच्याच पोटात. त्याच घरातला मोबाइल मात्र मुंबईचा मोजला जातो, कारण मोबाइलचे परवाने वाटताना सरकारने मुंबई, नवी मुंबई आणि कल्याण टेलिफोन्स यांचा परिसर एकत्र करून मुंबई परिमंडळ आखलं. अंबरनाथ पूर्वेच्या या टोकाला, जुन्या गावाभोवती उभ्या राहिलेल्या टॉवरांत राहायला आलेला माणूस फोनच्या हिशेबात एकाच वेळी कल्याणचाही असतो आणि मुंबईचाही. सरकारदरबारी दोन्ही पत्ते खरे.

आता त्याच माणसाच्या मोबाइलवर दुपारी अडीच वाजता एक फोन येतो. कधी +९२ असतं, कधी +४४, तर कधी चक्क आपल्यासारखाच दहा आकडी नंबर. पलीकडचा स्वतःला कुरिअरवाला म्हणवतो, बँकवाला म्हणवतो, फौजदारही म्हणवतो. हा फोन इंटरनेटवरून आलेला असला तर पडद्यावरच्या आकड्यांना तसा काही आधार नसतो. ०२५१ कुणीतरी अधिकाऱ्याने ठरवला होता. हे आकडे फोन करणाऱ्याने स्वतःच टाकलेले असू शकतात.

फोनच्या पलीकडे कोण आहे हे ओळखायचं काम दीडशे वर्षांत हातोहात कसं फिरत गेलं, त्याचा हा मागोवा.

मुंबईत टेलिफोन केंद्र सुरू झालं ते १८८२ साली, कोलकाता आणि मद्रासच्या बरोबरीने. कोलकात्याच्या केंद्राला तेव्हा ९३ ग्राहक होते. एवढ्या थोड्या माणसांत अनोळखी फोन ही कल्पनाच लागू होत नव्हती. शिवाय मध्ये ऑपरेटर बसलेला. तुम्ही रिसीव्हर उचलला की त्याच्यासमोर तुमचा दिवा लागे किंवा झडप पडे, तुम्ही कोण हवं ते सांगत, आणि तो दोन भोकांत दोन दांड्या खुपसून जोड लावून देई. म्हणजे कोण कोणाशी बोलतंय हे एका तिसऱ्या माणसाला पक्कं ठाऊक असे. त्याने कान लावला तर काय बोलतायत तेही.

हा तिसरा माणूस काढून टाकण्याची खटपट अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या आल्मन स्ट्राउजर नावाच्या माणसाने केली. तो अंत्यविधीचं सामान आणि व्यवस्था पुरवणारा व्यावसायिक. प्रतिस्पर्ध्याची बायको ऑपरेटर होती आणि मयताच्या घरचे फोन ती नवऱ्याकडे वळवायची, या संशयाने तो पेटला, अशी कथा सांगतात. कथेत तिखटमीठ असेलही. १८९१ चं पेटंट मात्र त्याचंच आहे, आणि स्वयंचलित केंद्राची सुरुवात तिथून होते. आपल्याकडे पहिलं स्वयंचलित केंद्र १९१३-१४ मध्ये शिमल्याला बसलं. ऑपरेटर गेला आणि त्याच्याबरोबर ‘कोण’ हे जाणणारा माणूसही गेला. निनावी फोनची गोष्ट इथून पुढची.

अर्थात गावाबाहेरच्या फोनांना ऑपरेटर पुढे कितीतरी वर्षं पुरून उरला. साठीच्या पुढच्या वाचकांना १८० आठवत असेल. ट्रंक कॉल लावायचा तर त्या नंबरावर नोंदवायचा: ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग, आणि पीपी हवा का तेही सांगायचं. पीपी म्हणजे नाव घेऊन मागितलेला माणूस. तो हजर नसेल तर कॉल लागलाच नाही असं धरलं जाई. फोन वाजला की आधी ऑपरेटरच विचारी, नागपूरहून कॉल आहे, देशपांडे आहेत का? बोलणारा बोलण्याआधीच त्याची वर्दी आलेली असे. डोंबिवली-अंबरनाथच्या चाळींत याच पीपीचा दुसरा अर्थ रूढ झाला. लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या पाटीवर नंबराखाली कंसात ‘पी. पी.’ असे, म्हणजे फोन शेजाऱ्याकडचा. शेजारीण गॅलरीतून हाक मारी, ‘अहो, तुमच्या मेहुण्यांचा फोन!’ आणि कुणाचा फोन आला ते अख्ख्या मजल्याला कळे. खासगीपणाच्या दृष्टीने हे भयंकरच होतं. पण खोटं नाव सांगून फोन करणं अवघड होतं, एवढं त्याच्या बाजूने म्हणायला हवं.

कानपूर-लखनौ मार्गावर १९६० च्या नोव्हेंबरात देशातली पहिली एसटीडी सुरू झाली आणि लांबचा फोनही मधल्या माणसाशिवाय लागू लागला. मग ब्लँक कॉल आले. रात्री अकराला घंटी वाजायची, उचलला की नुसता श्वास. तरुण मुलगी असलेल्या घरांना हा जाच चांगलाच माहीत होता. ‘हॅलो, कोण बोलतंय?’ ला पलीकडून उत्तर यायचं, ‘तुम्ही कोण बोलताय?’ आणि मग ‘राँग नंबर’.

अशा माणसाला पकडणं त्या काळात अंगमेहनतीचं काम होतं. स्ट्राउजरच्या केंद्रात प्रत्येक आकड्यासरशी एक यंत्र खटाखट वर चढून फिरायचं आणि पुढच्या यंत्राला जोड द्यायचं. बोलणं चालू असेतोवर ती सगळी यंत्रं आपापल्या जागी अडकलेली असत. तंत्रज्ञाने मांडण्यांच्या रांगांमधून उलट चालत जायचं, या यंत्राला जोड कुठून आली, त्याला कुठून, असं बघत मूळ तारेपर्यंत पोहोचायचं. फोन करणाऱ्याने रिसीव्हर ठेवला की सगळी यंत्रं सुटून खाली येत, आणि माग संपला. मधे दुसऱ्या विभागाचं केंद्र असेल तर तिथल्या माणसालाही त्याच वेळी उठवायला हवं. जुन्या सिनेमांत इन्स्पेक्टर ‘त्याला बोलण्यात गुंतवून ठेवा’ असं खुणेने सांगतो, ते दिग्दर्शकाच्या डोक्यातून निघालेलं नाही. खरंच वेळ लागायचा.

आजच्या पोलीस मालिकांतही तो प्रसंग असतो. आता त्याला काही अर्थ उरलेला नाही. ऐंशीच्या दशकात फ्रान्सहून आलेली ई-१०बी जातीची केंद्रं आणि १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉटची देशी केंद्रं बसू लागली, तेव्हा यंत्रांची जागा संगणकाने घेतली. बिल करायचं तर कोणत्या तारेवरून कोणता नंबर कधी फिरवला आणि किती सेकंद बोलणं झालं याची नोंद हवीच. ही नोंद फोन ठेवल्यावरही राहते. ‘कोण’ चं उत्तर यामुळे तारेतून निघून कागदावर आलं. पोलीस ज्याला आज सीडीआर म्हणतात त्याचा जन्म असा बिलापोटी झाला.

कागद मात्र खात्याच्या कपाटात. ग्राहकाच्या हातात होती ती जाडजूड डिरेक्टरी, आणि ती नावावरून नंबर सांगे. १९७ लाही नाव सांगूनच नंबर मिळे. नंबरावरून नाव काढायची उलटी यादी खात्याकडे असे, लोकांकडे नसे.

ग्राहकाच्या हातात नंबर पडण्याची कल्पना थिओडोर पारास्केवाकोस या ग्रीक तंत्रज्ञाची. १९६८ पासून तो अथेन्समध्ये यावर काम करत होता. जपानच्या काझुओ हाशिमोतो यांनी १९७६ मध्ये पडद्यावर नंबर दाखवणारं यंत्र केलं. अमेरिकेत १९८४ मध्ये ऑर्लँडोला चाचण्या झाल्या आणि १९८७ मध्ये न्यू जर्सीत लोकांना ही सेवा मिळू लागली. पहिली घंटी आणि दुसरी घंटी यांच्या मधल्या शांततेत केंद्र तो नंबर बारीक स्वरांच्या भाषेत पाठवून देई.

तेव्हाचा वाद आज वाचताना गंमत वाटते. आरडाओरडा झाला तो फोन करणाऱ्याच्या बाजूने! माझा नंबर मला न विचारता समोरच्याला का दाखवता? मारकुट्या नवऱ्यापासून पळून आश्रयाला आलेल्या बाईने मुलांना फोन केला तर तिचा ठावठिकाणा उघड होईल त्याचं काय? पेनसिल्व्हेनियाच्या न्यायालयाने तर १९९० मध्ये ही सेवा चोरून ऐकण्याविरुद्धच्या कायद्याचा भंग ठरवली. नंबर लपवण्याची सोय त्यातूनच आली. भारतात ती सरसकट मिळत नाही. पडताळणी करून मोजक्यांनाच देतात.

आपल्याकडे नव्वदीच्या अखेरीस फोनशेजारी छोटा पडदा असलेली कॉलर आयडीची डबी दिसू लागली. त्याच सुमाराला मोबाइल आला आणि नंबर दिसणं ही फुकटची, गृहीत धरलेली गोष्ट झाली. मिस कॉलची सगळी संस्कृती या एका सोयीवर उभी आहे. पैसा न मोडता, न बोलता ‘मी पोहोचलो’ कळवायचं तर समोरच्याला माझा नंबर दिसलाच पाहिजे. या दहा-पंधरा वर्षांत आपल्या मनात एक गोष्ट घट्ट बसली: नंबर दिसला म्हणजे माणूस कळला. पुढची सगळी फसवणूक या समजुतीवर चालते.

इंटरनेटवरचा फोन तसा जुना आहे. इस्राएलच्या व्होकलटेक कंपनीने फेब्रुवारी १९९५ मध्ये पहिलं प्रसिद्ध सॉफ्टवेअर विकायला काढलं. आपल्याकडे विदेश संचार निगमने लोकांना इंटरनेट दिलं ते त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टला. इंटरनेट फोनला सरकारने १ एप्रिल २००२ पासून परवानगी दिली, तीही अर्धवट: संगणकावरून संगणकाशी बोला, संगणकावरून परदेशातल्या फोनवर बोला, पण संगणकावरून भारतातल्या फोनवर नाही. परवानगी नसलेलं चोरवाटेने आलं. ज्यांची मुलं एडिसनला किंवा सनीव्हेलला होती त्यांना आठवेल. मुलाचा फोन यायचा आणि पडद्यावर भलताच, कुठला तरी भारतातलाच नंबर. परत लावला तर लागायचा नाही.

त्या चोरवाटेचं एक टोक जून २०१७ मध्ये लातूर जिल्ह्यात सापडलं. दहशतवादविरोधी पथकाने तिथे बेकायदा टेलिफोन केंद्र पकडलं, आणि त्याचा सुगावा लागला होता जम्मू-काश्मीरमधल्या लष्करी गुप्तवार्ता विभागाला. रचना साधी असते. परदेशातला कॉल इंटरनेटवरून एका खोलीत येतो. खोलीत एक पेटी, तिच्यात शेकड्याच्या हिशेबात सिमकार्डं. पेटी त्यातलं एक सिम वापरून तुम्हाला स्थानिक कॉल लावते. कायदेशीर वाटेने आलेल्या परदेशी कॉलमागे तेव्हा मिनिटाला ५३ पैसे भारतीय कंपनीला द्यावे लागत. या वाटेने जवळपास काहीच नाही. धंदा पैशांसाठी सुरू झाला, पण लष्कराला त्यात रस असण्याचं कारण वेगळं होतं. अशा कॉलमागचा माणूस दिसतच नाही. दिसतं ते पेटीतलं सिम, आणि ते कुणाच्या तरी झेरॉक्सवर काढलेलं. २०२४ मध्ये अशीच पेटी आपल्या जिल्ह्यात, भिवंडीत सापडली.

दुसरी वाट याहून सोपी. मोठ्या कचेऱ्यांना फार पूर्वीपासून एक सवलत होती: आत शंभर फोन असले तरी बाहेर कंपनीचा एकच मुख्य नंबर दिसावा म्हणून कोणता नंबर दाखवायचा ते कचेरीचं यंत्र ठरवी. यंत्र महाग होतं तोवर हे अधिकार जबाबदार हातांत राहिले. इंटरनेट फोनने ते कुणाच्याही लॅपटॉपवर आणून ठेवले. इथे ‘कोणाकडून’ ही ओळ फोन करणारा स्वतः भरतो. पोस्टाच्या पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता आपण लिहितो, तो खरा की खोटा हे पोस्ट बघत नाही. शिक्का मात्र पोस्टच मारतं. इंटरनेट कॉलचंही तसंच आहे. पडद्यावरचा नंबर म्हणजे हाताने लिहिलेला पत्ता. वाटेतली प्रत्येक कंपनी आपापल्या संगणकात कॉल कुठून आला, कितीला आला, कुणाकडे दिला याची नोंद करते, ते शिक्के. शोधायचं तर शिक्के वाचायचे.

ते वाचायची सर्वांत कठोर वेळ महाराष्ट्रावर आली ती २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री. ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाउसमधले हल्लेखोर मोबाइलवरून कुणाशी तरी बोलत होते आणि पलीकडून त्यांना घडीघडीला हुकूम मिळत होते. भारताने नंतर पाकिस्तानला दिलेल्या कागदपत्रांत हिशेब आहे: तिन्ही जागा मिळून २८४ कॉल, ९९५ मिनिटं. तपास यंत्रणांनी ते चालू असतानाच ऐकले, ध्वनिमुद्रित केले. आवाज कानात होता आणि नंबरही समोर होता. पण नंबर होते ऑस्ट्रियाचे आणि अमेरिकेचे, आणि बोलणारे तिथे नव्हतेच.

शिक्के वाचत गेल्यावर न्यू जर्सीतली कॉलफोनेक्स नावाची इंटरनेट फोन सेवा देणारी कंपनी सापडली. ऑक्टोबर २००८ मध्ये तिच्याकडे ई-मेलने खातं उघडलं गेलं होतं. ग्राहकाने नाव सांगितलं होतं खडक सिंग, आणि राहणं भारतात. पैसे भरले दोनदा. पहिले २५० डॉलर पाकिस्तानातून. दुसरे २२९ डॉलर हल्ल्याच्या आदल्या दिवशी, इटलीतल्या ब्रेशिया शहरातून. खडक सिंगाला भारतात बसून इटलीतून पैसे का भरावे लागले हे तेव्हा कुणी विचारलं नाही. इंटरनेटच्या धंद्यात असले प्रश्न विचारत नाहीत. इटलीच्या पोलिसांनी पुढच्या वर्षी तो धागा ओढला तेव्हा कळलं, की ज्याच्या नावावर ते पैसे पाठवले गेले तो माणूस इटलीत कधी आलेलाच नव्हता.

नंबर खोटा, नाव खोटं, पैसे भरणाराही खोटा. अखेर एक धागा लागला तो आवाजाचा. हुकूम देणाऱ्यांपैकी एक जण बोलताना ‘प्रशासन’ असा शब्द वापरत होता, आणि पाकिस्तानी माणसाच्या तोंडी तो शब्द सहसा येत नाही, हे ऐकणाऱ्यांच्या ध्यानात आलं. हा भारतातला असावा, असा संशय बळावला. जून २०१२ मध्ये जबीउद्दीन अन्सारीला सौदी अरेबियातून आणून दिल्लीत अटक झाली. तो आवाज त्याचाच, असं तपास यंत्रणांचं म्हणणं आहे. अन्सारी बीड जिल्ह्यातल्या गेवराईचा. ऑस्ट्रिया, न्यू जर्सी, ब्रेशिया असा फेरा घेत ‘कोण बोलतंय’चा शोध मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी येऊन थांबला, आणि तिथवर त्याला कोणत्याही यंत्राने आणलं नाही. जिवंत पकडल्या गेलेल्या हल्लेखोर कसाबच्या अपिलावर सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ ला दिलेल्या निकालात या संभाषणांची सविस्तर चर्चा आहे. ज्यांना या विषयात खोल जायचंय त्यांनी ती वाचावी.

फोनचं दुसरं टोक आपल्या बाजूलाही असू शकतं, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. ऑक्टोबर २०१६ च्या पहिल्या आठवड्यात ठाणे पोलिसांनी मिरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले आणि सातशेहून अधिक तरुण-तरुणींना ताब्यात घेतलं. अमेरिकेतल्या घराघरांत तिथून इंटरनेट फोन जात. बोलणारा स्वतःला तिथल्या आयकर खात्याचा अधिकारी म्हणवी आणि पैसे भरा नाहीतर अटक, अशी धमकी देई. अमेरिकन म्हाताऱ्यांना पडद्यावर जे दिसत होतं त्यावरून त्यांना ठाणे जिल्ह्याचं नाव सुचणं शक्यच नव्हतं. अमेरिकेच्या न्याय खात्याने त्याच महिन्यात ६१ आरोपींविरुद्ध आरोपपत्र जाहीर केलं. ठाण्यात मात्र हे प्रकरण फुटलं ते खबरीवरून. आज ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली आपल्या माणसांना जे ऐकवलं जातं, त्याची संहिता ओळखीची वाटते ती यामुळेच.

अमेरिकेने यातून एक उपाय काढला. नंबर खोटा दाखवण्याविरुद्ध २०१० मध्ये कायदा झालाच होता; ३० जून २०२१ पासून तिथल्या मोठ्या कंपन्यांना प्रत्येक इंटरनेट कॉलवर सांकेतिक सही करणं बंधनकारक झालं, म्हणजे पाकिटावरच्या पत्त्याखालीही पोस्टानेच सही करायची. आपण वेगळ्या दिशेने गेलो. २२ ऑक्टोबर २०२४ ला दूरसंचार विभागाने एक व्यवस्था सुरू केली: कॉल परदेशातून येतोय पण नंबर भारतीय दाखवतोय, तर तो वाटेतच अडवायचा. पहिल्या चोवीस तासांत सुमारे १ कोटी ३५ लाख कॉल अडवले गेले. आकडा पुन्हा वाचा. दूरसंचार कायदा, २०२३ नेही फोनच्या ओळखचिन्हाशी छेडछाड केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली.

मधल्या काळात लोकांनी आपली व्यवस्था आपणच लावून घेतली होती. २००९ मध्ये स्टॉकहोममध्ये दोघा तरुणांनी ट्रूकॉलर काढलं, आणि त्याचा सर्वांत मोठा बाजार भारत ठरला. त्याचं भांडवल म्हणजे लोकांच्या मोबाइलमधल्या नावांच्या याद्या. तिथे तुमचं नाव तुम्ही ठेवलेलं नसतं, इतरांनी ठेवलेलं असतं. पालेगावातल्या एखाद्या सज्जन गृहस्थाचं नाव ‘बी विंग पाणी तक्रार’ असं दिसू शकतं आणि भामट्याचं ‘एसबीआय मॅनेजर’ असं. दहा जणांनी संगनमताने सेव्ह केलं की झालं.

यावर सरकारी तोडगा म्हणजे सीनॅप. सिम घेताना भरलेल्या अर्जावरचं नाव कॉलबरोबर दाखवायचं, अशी शिफारस दूरसंचार नियामक ट्रायने २३ फेब्रुवारी २०२४ ला केली. खात्याच्या कपाटातली उलटी यादी अखेर ग्राहकाच्या पडद्यावर येणार म्हणायची. मला ही कल्पना बरी वाटते, पण तिच्यावर फार विसंबू नये असंही वाटतं. आपल्याकडे घरातली चार सिम एकाच्या नावावर असतात. सुनेने फोन केला तरी नाव सासऱ्यांचं दिसेल. भामट्याचं सिम तर दुसऱ्याच्याच नावावर असतं, तेव्हा पडद्यावर एका निरपराध माणसाचं नाव झळकेल. आणि व्हॉट्सॲपवर, टेलिग्रामवर आलेला कॉल या व्यवस्थेत येतच नाही.

व्हॉट्सॲप कॉलचा माग स्वतः काढू पाहणारे हौशी लोक आयपी पत्त्याच्या मागे लागतात. दोन फोन थेट जोडले गेले तर तो दिसूही शकतो. २०२३ पासून तो लपवायची सोय ॲपमध्येच आहे. पण मिळाला तरी आयपी पत्ता म्हणजे माणसाचं नाव नव्हे. मोबाइल कंपन्यांकडे असे पत्ते कमी आणि ग्राहक अफाट, म्हणून एकच पत्ता एकाच क्षणी कित्येकांना वाटलेला असतो. त्यातला नेमका कोण हे सांगायला पत्त्याबरोबर पोर्टचा आकडा आणि सेकंदापर्यंतची वेळ लागते, आणि ते उत्तर फक्त कंपनीकडे असतं.

कंपनी ते कुणालाही देत नाही, देऊही नये. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी सीडीआर विकणाऱ्यांची साखळी उघड केली, तेव्हा खासगी गुप्तहेरांना अटक झाली. बायकोवर, भागीदारावर, प्रतिस्पर्ध्यावर संशय असलेली माणसं मागच्या दाराने दुसऱ्यांच्या फोनच्या नोंदी विकत घेत होती. ‘कोण बोलतंय’ हे शोधण्याची कळ सर्वांच्या हातात दिली तर काय होतं, त्याचा हा नमुना.

सरळ वाट लांब आहे, पण आहे. पालेगाव ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येतं. तक्रार नोंदली गेली की पोलीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली तुमच्या मोबाइल कंपनीकडे नोंद मागतात. कॉल तिच्याकडे कोणत्या दारातून आला ते कळतं. मग त्या दारापलीकडच्या कंपनीला पत्र, तिच्यापलीकडे परदेशी कंपनी असेल तर तिला. शेवटी इंटरनेट फोनचं खातं सापडलं तर त्यावर कोणत्या आयपीवरून लॉगिन झालं आणि पैसे कुठून भरले ते विचारायचं. परदेशी सरकारमार्फत मागावं लागलं तर महिने जातात. भारतात कंपन्यांनी या नोंदी किमान दोन वर्षं ठेवल्या पाहिजेत. डिसेंबर २०२१ पर्यंत ही मुदत एकच वर्ष होती.

एवढ्या साखळीत तुमच्या हातून घडण्यासारखी एकच गोष्ट आहे, आणि तीच लोक करत नाहीत. रागाने किंवा घाबरून कॉलची नोंद पुसून टाकतात, नंबर ब्लॉक करतात आणि ‘परवा दुपारी कधीतरी आला होता’ असं चौकीत सांगतात. नंबर खोटा असला तरी वेळ खरी असते. सगळे शिक्के वेळेवरूनच जुळवले जातात. म्हणून नोंद पुसू नका, पडद्याचं चित्र काढून ठेवा, तारीख, तास आणि मिनिट कागदावर लिहून ठेवा. पैसे गेले असतील तर कोण बोलत होतं याचा विचार नंतर करा. आधी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, कारण पैसे वाटेत असेतोवरच अडवता येतात. पैसे गेले नसले तरी दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरच्या ‘चक्षू’वर कळवा. आणि फौजदार म्हणून बोलणाऱ्याला पडद्यावर काय नाव आलं ते बघत बसण्यापेक्षा फोन ठेवून आपल्या पोलीस ठाण्याचा नंबर आपण स्वतः लावा.